जे कर्ज घेतलंच नाही, ते घेतलं नाही हे आम्हीच का सिद्ध करायचं? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर साहेब,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

विषय: आमच्या नावावर भलत्यानंच काढलेलं कर्ज आणि ते क्रेडिट रिपोर्टमधून काढून टाकताना होणारी लोकांची परवड

गव्हर्नर साहेब, नमस्कार.

६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं होतं, त्याबद्दल आधी मनापासून आभार मानतो. माझ्या खात्यातून माझ्या परवानगीशिवाय कुणी ऑनलाईन पैसे काढले, चूक माझीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि मेसेज आल्यावर मी तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर माझी जबाबदारी शून्य. बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत तेवढी रक्कम खात्यात दाखवायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्राहकाची चूक होती असं बँकेला म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. हा नियम आल्यापासून आमच्याकडची साधी साधी माणसं बँकेत जाऊन ताठ मानेनं बोलायला लागली, हे मी बघितलंय.

आता यातली एकच गोष्ट बदलून बघा. चोरानं माझ्या खात्यातून पैसे काढले नाहीत, तर माझा पॅन आणि आधार वापरून माझ्या नावावर कर्ज काढलं आणि पैसे घेऊन पसार झाला. माणूस तोच, फसवणूक तीच, कागदही माझेच वापरलेत, पण इथे सगळं उलटं होतं. इथे शून्य जबाबदारी नाही, दहा दिवस नाहीत, आणि कर्ज मी घेतलं नाही हे सिद्ध करायचं काम माझ्याच गळ्यात. तोपर्यंत माझ्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे माझ्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदीत, हप्ते थकत राहतात, स्कोअर खाली येत राहतो आणि वसुलीवाले फोन करत राहतात. हे पत्र एवढ्याचसाठी लिहितोय, की २०१७ चा तोच न्याय तुम्ही नावावर काढलेल्या खोट्या कर्जालाही लावा.

मी इचलकरंजीत टॅक्सचं काम करतो. रिटर्न, जीएसटी, कर्जाच्या फायली. माझ्याकडे येणारे लोक म्हणजे यंत्रमागवाले, सायझिंगमधले (सुताला खळ लावायच्या कारखान्यातले) कामगार, किराणा दुकानदार, हुपरीचे चांदीवाले, नुकतीच नोकरी लागलेली पोरं. पूर्वी हे लोक कर्जासाठी विचारायला यायचे, आता आधी विचारतात की "सर, सिबिल खराब झालंय, काय करू?" आणि यातल्या बऱ्याच जणांचं सिबिल स्वतःच्या चुकीनं खराब झालेलं असतं हे मी मान्य करतो. क्रेडिट कार्डचं मिनिमम भरत राहिले, मोबाईलचा हप्ता बाउन्स झाला, पाहुण्याला जामीन राहिले आणि पाहुण्यानं हात वर केले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हप्ता चुकला तर नोंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर वेळेवर भरणाऱ्याला किंमत काय राहिली? माझी तक्रार आहे ती ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी.

एका सायझिंग कामगाराचं सांगतो. नाव सांगत नाही, त्याला आता याचा विषयही नको वाटतो. त्यानं आयुष्यात एकच कर्ज घेतलं होतं, सोसायटीतून, तेही फेडलं होतं. घरासाठी बँकेत गेला तर मॅनेजर म्हणाला की तुमच्या नावावर टू-व्हीलरचं कर्ज आहे, हप्ते थकलेत. याच्याकडे सायकल आहे. रिपोर्ट काढला तर कर्ज दिलेली फायनान्स कंपनी भलत्याच राज्यातली, पत्ता असा की त्या शहरात हा कधी गेलेलाच नाही, मोबाईल नंबर कुणाचा माहीत नाही, फक्त नाव, जन्मतारीख आणि पॅन याचा. कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं की पोलीस तक्रार, नोटरी केलेलं ॲफिडेव्हिट, बँकेचं स्टेटमेंट आणि सहीचा नमुना पाठवा. पोलीस स्टेशनला गेला तर ते म्हणाले आधी कंपनीकडून कर्जाची कागदपत्रं आणा, कुठला फोटो लावलाय, सही कुणाची आहे, बघू मग लिहून घेऊ. परत कंपनीला विचारलं तर म्हणे कर्जाची कागदपत्रं आम्ही फक्त कर्जदारालाच देतो, आणि तुम्ही तर म्हणताय तुम्ही कर्जदार नाही.

साहेब, हे वाक्य मी स्वतः स्पीकरवर ऐकलंय. वसुलीच्या फोनला तो कर्जदार असतो, कागद मागितले की नसतो. रोजगार बुडवून किती वेळा या दारातून त्या दारात जायचं त्या माणसानं? शेवटी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकल्यावर कंपनीनं ते कर्ज काढून टाकलं, माफीचा एक शब्द नाही, आणि तोपर्यंत ज्या घरासाठी हे सगळं चाललं होतं ते दुसऱ्याला गेलं होतं.

या सगळ्यात एक सल्ला लोकांना हमखास मिळतो, "थोडीच रक्कम आहे, भरून टाका आणि मोकळे व्हा." छोट्या ॲपची कर्जं असली की तर नक्कीच, पाच हजार, सात हजार, कशाला भानगड. आणि घाबरलेली माणसं भरतात हो. भरलं म्हणजे कर्ज आपलंच होतं असं कबूल केल्यासारखं होतं, आणि थोडं कमी करून सेटलमेंट केली तर रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' असा नाही, म्हणजे पुढची बँक बघणार की यानं पूर्ण पैसे न भरता तडजोड केली. न घेतलेल्या कर्जाचे पैसे पण गेले आणि डाग पण तसाच राहिला. हा सल्ला वसुलीवाले देतात तेव्हा त्यांचा हेतू मला कळतो, पण बँकेच्या शाखेतले लोकही देतात याचं फार वाईट वाटतं.

हे पत्र तुम्हाला असलं तरी आमच्याकडचे लोकही वाचणार आहेत, म्हणून हा रिपोर्ट काय असतो आणि कसा वाचायचा ते थोडं इथेच लिहितो. तुमच्या लोकांनी हे मराठीत, गावागावात सांगायला पाहिजे असं मला वाटतं, पण ते होईपर्यंत हे.

आपल्याकडे सगळे सिबिल म्हणतात पण ही नोंद ठेवून रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींना रिझर्व्ह बँकेचं लायसन्स आहे, २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि बँका आणि फायनान्स कंपन्यांनी चौघींना माहिती द्यायचीच असते. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. आणि २०१७ पासून प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाय, म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट. दर तीन महिन्यांनी एकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच काढा. 'फ्री सिबिल चेक' म्हणणारी पन्नास ॲप आहेत, ती तुमच्याकडून परवानगीच्या टिका करून घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून पर्सनल लोनचे फोन सुरू होतात. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअर कमी होत नाही, पण तो कमी होतो हा गैरसमज एवढा पसरलाय की लोक भीतीनं वर्षानुवर्षं बघतच नाहीत, आणि खोट्या कर्जाचं तेच तर होतं, ते कुणी बघेपर्यंत शांत बसून वाढत राहतं.

रिपोर्ट हातात आला की स्कोअर नंतर बघा. मी आधी शेवटचं पान बघतो, तिथे एन्क्वायरी असतात, म्हणजे कुठल्या बँकेनं किंवा कंपनीनं कोणत्या तारखेला, किती रकमेच्या कर्जासाठी तुमचा रिपोर्ट मागवला. आपण अर्जच केला नाही आणि एन्क्वायरी आहे म्हणजे कुणीतरी आपल्या नावानं अर्ज केलाय, कर्ज मिळालं असेल नाहीतर नसेल. चोरी पकडायची पहिली जागा ती. मग पत्ते आणि फोन नंबर बघायचे, अनोळखी नंबर दिसला की सावध. मग खाती, एकेक. प्रत्येक खात्यात तुम्ही एकटे कर्जदार आहात, जॉइंट आहात की जामीनदार आहात ते लिहिलेलं असतं. जामीनदार हा शब्द बघून आमच्याकडे लोक दचकतात, कारण दहा वर्षांपूर्वी चहा पिता पिता केलेली सही तिथे निघते. खाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, त्यात हप्ता किती दिवस थकला ते असतं. ००० असेल तर छान, ०३० म्हणजे तीस दिवस थकला, आणि नव्वदच्या पुढे गेलं की बँक ते बुडीत धरायला लागते.

आमच्या बायकांचं अजून एक आहे. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, पॅनवर एक, आधारवर एक, बँकेत स्पेलिंग तिसरंच. मग कधी त्यांचं स्वतःचं चांगलं कर्ज रिपोर्टमध्ये दिसत नाही आणि कधी सारख्या नावाच्या भलत्याच बाईचं थकलेलं कर्ज येऊन चिकटतं. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्समधून कर्ज घेणाऱ्या बायकांनी तर क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट आवर्जून बघावा, छोट्या गटकर्जांचा डेटा त्यांच्याकडे फार पूर्वीपासून येतो, आणि गटाच्या नावाखाली आधारच्या झेरॉक्स गोळा करून एजंटनं भलतंच कर्ज काढलं असं प्रकरण मी एकापेक्षा जास्त वेळा हाताळलंय.

हा रिपोर्ट आता फक्त कर्जापुरता राहिलेला नाही हे पण सांगायला पाहिजे. सरकारी बँकेत भरती होताना क्रेडिट हिस्टरी बघतात, आणि २०२५ च्या जूनमध्ये मद्रास हायकोर्टानं अशाच एका उमेदवाराची नेमणूक रद्द करायचा बँकेचा निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल बघून लग्न मोडल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. पीक कर्जाला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू असं आपल्या मुख्यमंत्र्यांना मे २०२५ मध्ये बैठकीत सांगावं लागलं. ज्या कागदावर नोकरी, लग्न आणि पेरणी अवलंबून आहे त्या कागदात कुणीही येऊन काहीही लिहून जाऊ शकतं आणि ते पुसायला निर्दोष माणसानं जोडे झिजवायचे, ही गोष्ट मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

आता कुणी म्हणेल की लोकांनीच आपले कागद सांभाळायला नकोत का? पाहिजेत ना. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा की कशासाठी दिली आणि तारीख टाका. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं. संचार साथी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच कळवा, कारण खोट्या कर्जाची सुरुवात बऱ्याचदा आपल्या नावावरच्या भलत्या सिमपासून होते. शोरूममध्ये हप्त्यावर फ्रिज घेताना पोरगा "सर अजून एक ओटीपी आला असेल" म्हणाला तर तो ओटीपी कशाचा आहे ते मेसेजमध्ये वाचा, मग सांगा. फोटो आणि पॅन व्हॉट्सॲपवर एजंटला पाठवू नका. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन करा आणि सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाका, त्याचा नंबर पुढे सगळीकडे लागतो. तक्रारीत आयटी कायद्याचं कलम ६६ सी (66C) लिहायला सांगा, दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात.

पण गव्हर्नर साहेब, हे सगळं केलं तरी पॅन लपवायचा कसा ते मला सांगा. माझ्याकडे जे छोटे दुकानदार आहेत त्यांचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची दहा अक्षरं म्हणजे त्यांचा पॅन. तो नंबर कायद्यानंच दुकानाच्या पाटीवर लावायचाय आणि प्रत्येक बिलावर छापायचाय. एकट्या मालकाचं दुकान असेल तर तो त्याचा स्वतःचाच पॅन. म्हणजे ज्या नंबरावर अख्खा क्रेडिट रिपोर्ट उभा आहे तो नंबर आम्ही रोज गिऱ्हाईकाच्या हातात देतोय, सरकारच्या नियमाप्रमाणे. मग पॅन माहीत असणारा माणूस म्हणजे तोच माणूस, असं कर्ज देणाऱ्यानं धरून कसं चालेल? २०२२ च्या फेब्रुवारीत एका कर्ज ॲपवरून कितीतरी लोकांच्या पॅनवर त्यांना न कळता कर्जं निघाल्याचं उघड झालं, एका प्रसिद्ध अभिनेत्रीच्या नावावर दोन हजारांचं कर्ज निघालं होतं. तिचा आवाज मोठा होता, तिचं लगेच दुरुस्त झालं. आमच्या सायझिंगवाल्याचा आवाज फोर्टपर्यंत पोचत नाही.

जे चांगलं केलंय तेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. २०२२ च्या सप्टेंबरपासून या चार कंपन्या तुमच्या लोकपाल योजनेत आल्या, १४४४८ ला फोन करून विचारता येतं, सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. २०२३ च्या जूनमध्ये तुम्ही चारही कंपन्यांना सव्वाचोवीस ते सव्वीस लाखांच्या दरम्यान दंड केला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला नियम आणला की तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, त्यातले एकवीस दिवस बँकेला दिलेत, आणि रिपोर्ट कुणी मागवला तर ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल जायला पाहिजे. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. २०२५ पासून तुम्ही बँकांना पंधरा दिवसांनी माहिती पाठवायला लावली, आधी महिना लागायचा. हे सगळं योग्य दिशेनं आहे, आणि म्हणूनच पुढचं मागायला धीर येतो.

त्या एसएमएसचंच बघा. कल्पना उत्तम आहे. पण तो जातो रिपोर्टमध्ये जो नंबर आहे त्यावर. चोरानं अर्जात स्वतःचा नंबर टाकला असेल आणि तोच नंबर नवीन म्हणून रिपोर्टमध्ये चढला असेल तर मेसेज कुणाला जाणार? म्हणून नवीन नंबर चढायच्या आधी जुन्या सगळ्या नंबरांना विचारलं पाहिजे, आणि एन्क्वायरीचा मेसेज नोंदीतल्या प्रत्येक नंबरावर गेला पाहिजे, नवीन असो की जुना. आणि तो मराठीत यावा. आत्ता इंग्रजीत येतो, अर्ध्या लोकांना तो लोन विकणाऱ्यांच्या जाहिरातीसारखा वाटतो आणि ते डिलीट करतात. गॅस सिलिंडरचा मेसेज मराठीत येऊ शकतो तर हा का नाही?

शंभर रुपयांच्या भरपाईबद्दल सांगायचं तर ती लोकांना माहीतच नाही. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांची तक्रार तीस दिवसांच्या पुढे गेली त्यांना मीच सांगितलं की बाबा तुझे पैसे होतात. नियमात पाच कामकाजाच्या दिवसांत खात्यात जमा करायचं लिहिलंय, मग कंपनीनं तक्रार बंद करताना पहिल्याच ओळीत लिहावं ना, तुमच्या तक्रारीला इतके दिवस लागले, इतके रुपये जमा केले. मागितल्याशिवाय मिळत नसेल तर ती भरपाई ज्याला वाचता येतं त्यालाच मिळणार.

आणि एकाच खोट्या कर्जासाठी चार कंपन्यांकडे चार वेळा तोच अर्ज, तेच ॲफिडेव्हिट, प्रत्येकीचा वेगळा फॉर्म, वेगळा कंट्रोल नंबर, वेगळा लॉगिन, हे का? एकीकडून कर्ज निघालं तरी दुसरीकडे एन्क्वायरी तशीच राहिलेली मी बघितलीय. माहिती चौघींना एकदम जाते तर 'हे माझं नाही' ही तक्रारसुद्धा एका जागी टाकली की चौघींना एकदम गेली पाहिजे. यात तंत्रज्ञानाची अडचण आहे असं मला कुणी सांगू नये, यूपीआय चालवणारा देश आहे हा.

आता माझी मोठी मागणी. आम्हाला आमचा रिपोर्ट बंद ठेवायचा हक्क द्या. घर बंद करून गावाला जाताना आपण कुलूप लावतो, किल्ली आपल्याकडे ठेवतो, तेवढंच मागतोय. ज्याला पुढची दोन-चार वर्षं कर्ज घ्यायचंच नाही, उदाहरणार्थ माझे वडील, किंवा पेन्शनवर असलेली कुठलीही मावशी, तिचा रिपोर्ट नवीन कर्जासाठी कुणालाही उघडता येऊ नये. रिपोर्ट उघडला नाही तर कुठलीही नीट चालणारी कंपनी कर्ज देणार नाही, म्हणजे चोराच्या हातात पॅन, आधार सगळं असलं तरी उपयोग नाही. अमेरिकेत २०१७ साली इक्विफॅक्सचा डेटा फुटला, सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, त्यानंतर तिथल्या संसदेनं कायदा केला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून हे कुलूप प्रत्येकाला फुकट मिळतं. ऑनलाईन किंवा फोनवर सांगितलं की एका कामकाजाच्या दिवसात लावायचं आणि उघडायला सांगितलं की तासाभरात उघडायचं. त्याच चारपैकी काही कंपन्या तिथे हे करतात आणि आपल्याकडे कायद्यानं तो हक्क नाही म्हणून करत नाहीत. तिथे अजून एक आहे, ओळख चोरीची रीतसर तक्रार दिली की चार कामकाजाच्या दिवसांत ती खोटी नोंद रिपोर्टमध्ये दिसायची थांबवावी लागते, चौकशी नंतर चालू राहते. आपल्याकडे चौकशी होईपर्यंत डाग दिसत राहतो.

म्हणून पहिल्या मुद्द्याकडे येतो, कारण बाकी सगळं नाही झालं तरी हे व्हायलाच पाहिजे. कुणी लेखी सांगितलं की हे कर्ज माझं नाही आणि १९३० च्या तक्रारीचा नंबर दिला, तर त्या दिवसापासून ती नोंद झाकली जावी आणि वसुलीचे फोन बंद व्हावेत. मग कर्ज देणाऱ्या कंपनीनं सिद्ध करावं, कागद दाखवावेत, कुठल्या मोबाईलवर ओटीपी गेला, फोटो कुणाचा, पैसे कुठल्या खात्यात गेले, ते खातं कुणी कधी उघडलं. ही सगळी माहिती कंपनीकडेच असते, आमच्याकडे यातलं काहीच नसतं, मग सिद्ध करायचं काम ज्याच्याकडे पुरावा आहे त्यानंच करायला नको का? डिजिटल कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात गेले पाहिजेत हा २०२२ चा नियम तुमचाच आहे, म्हणजे खातं कुणाचं ते कंपनीला माहीत असतंच. आणि ज्याच्या नावावर कर्ज दाखवलंय त्यानं कागद मागितले तर ते सात दिवसांत द्यायची सक्ती करा, तो कबूल करो की नाकारो. नव्वद दिवसांत सिद्ध झालं नाही तर नोंद चारही ठिकाणाहून, एन्क्वायरीसकट, कायमची काढा, आणि कंपनीनं त्या माणसाला तसं पत्र द्यावं, जे तो बँकेत किंवा नोकरीच्या ठिकाणी दाखवू शकेल.

याचा गैरफायदा घेऊन खरे कर्जदारही "माझं नाही" म्हणतील, असं बँकावाले तुम्हाला सांगतील. काही जण म्हणतील, खरंय. पण २०१७ लाही हेच म्हणत होते, की लोक स्वतःच पैसे काढून परत मागतील, आणि तरी तो नियम टिकला, कारण खोटी तक्रार करणाऱ्यावर गुन्हा दाखल करता येतो आणि कंपनीकडे कागद असले तर तिला नव्वद दिवस पुरेसे आहेत. ज्या कंपनीनं माणूस न बघता दहा मिनिटांत कर्ज दिलं तिनं त्या घाईची जोखीम स्वतः घ्यावी. आज ती जोखीम अशा माणसावर पडते ज्याला त्या कंपनीचं नावसुद्धा माहीत नसतं.

यासाठी नवीन कायद्याची वाट बघायची गरज नाही असं मला वाटतं. २००५ च्या कायद्याच्या ११ व्या कलमानं तुम्हाला या कंपन्यांना आणि बँकांना निर्देश द्यायचा अधिकार आहे, तो वापरून तुम्ही याआधी बरंच चांगलं केलंय. माझ्याकडे आलेल्या लोकांनी परवानगी दिली तर त्यांच्या तक्रारींची कागदपत्रं, नावं झाकून, मी तुमच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण विभागाकडे पाठवायला तयार आहे. मसुदा काढाल तेव्हा तो मराठीतही काढा आणि सूचना मराठीत स्वीकारा, म्हणजे सायझिंगमधला माणूसही त्यावर बोलू शकेल.

आपला,
इचलकरंजीतला एक करसल्लागार

प्रत: चारही क्रेडिट माहिती कंपन्यांचे अंतर्गत लोकपाल